ताईंच्या फुंकेची वाट

मित्रांनो, जुनं ते सोनं म्हणतात, पण मी आहे पितळेची. मी एक शिट्टी. घोडपदेवच्या मैदानात मुलींना कबड्डी शिकवणाऱ्या संघमित्राताईंच्या गळ्यात माझं आयुष्य गेलं. गिरगावातल्या एका दुकानातून त्यांनी मला घेतलं, तेव्हा त्यांचं स्वतःचं खेळणं नुकतंच थांबलं होतं. मी वाजले की पोरी जागच्या जागी थबकत. आवाज पार रे रोडच्या पुलापर्यंत जाई. लोक माझं कौतुक करत, पण खरं सांगू? करामत सगळी ताईंच्या दमाची होती.

मग ताईंना खोकला लागला, तो जाईना. विडी-सिगारेटला त्या कधी शिवल्या नाहीत, तरी फुप्फुसात कॅन्सरची गाठ निघाली. परळच्या इस्पितळात त्या दाखवायला गेल्या तेव्हा मी त्यांच्या पर्समध्ये होते. सोबत राधाताई, जुन्या संघातली मैत्रीण.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "लवकर सापडली, हे चांगलं. आता दोन वाटा आहेत. फुप्फुसाचा वरचा अख्खा कप्पा काढायचा, नाहीतर गाठीभोवतीचा तुकडाच. तुकडा काढला तर फुप्फुस जास्त उरतं. पण तुमची गाठ आहे त्या जागी कप्पा काढलेला बरा, आजार उलटायची भीती कमी. फक्त फुंकायच्या तपासणीत तुमचा दम फारच कमी भरलाय. कप्पा झेपणार नाही. तुकड्यावरच भागवावं लागेल."

पर्समध्ये माझी नुसती तगमग झाली. ताईंचा दम कमी? माझ्या पोटातला गोळा गरगरा फिरवणारी त्यांची फुंक मला ठाऊक नाही होय! पण कुणी फुंकल्याशिवाय शिट्टीला बोलता कुठे येतं?

बाहेर बाकावर राधाताईंनी विचारलं, "नळीत फुंकलीस कशी गं?"

"फुंकली की. थोडी राखून."

"राखून? ती कशाला?"

"चढाईत सगळा दम तिथंच टाकला तर मधल्या रेषेवर परत कशी येणार? सवय आहे ना गं."

राधाताईंनी कपाळावर हात मारला आणि ताईंना ओढतच आत नेलं. "मॅडम, हिची टेस्ट परत घ्या. ही कबड्डीवाली आहे, दम चोरते!"

या वेळी ताईंनी होता नव्हता तेवढा दम ओतला. तपासणी चांगली आली. दोन्ही वाटा मोकळ्या झाल्या. ताईंनी हळूच विचारलं, "कप्पा काढला तर शिट्टी वाजवता येईल?"

"वाजेल. पण पूर्वीसारखी कदाचित नाही."

पर्समध्ये हात घालून त्यांनी मला घट्ट धरलं. "काढा कप्पा. मला घरी परत जायचंय."

ऑपरेशननंतर कितीतरी दिवस मी घरी खिळ्याला लटकून होते. ताई फुप्फुसाच्या व्यायामासाठी दिलेल्या तीन चेंडूंच्या एका प्लास्टिकच्या खेळण्यातून श्वास ओढत बसत. सगळा श्वास त्यालाच! मला फार हेवा वाटे.

मित्रांनो, खोकला रेंगाळला तर अंगावर काढू नका. आणि डॉक्टर फुंका म्हणाले की सगळं फुंका, राखू नका.

परवा ताई मैदानात आल्या. मला ओठांशी धरलं. आवाज कसाबसा कुंपणापर्यंत गेला. पोरी मात्र जागच्या जागी थबकल्या. मला त्यांची जुनी फुंक अजून हवीहवीशी वाटते, काय करू? ताईंना ते कळलं असावं. मला पदराने पुसत त्या म्हणाल्या, "आता हळूच वाज गं. आलो ना आपण रेषेवर परत."