झाडांच्या वाटेवर आडवी

मी एक तीनचाकी गाडी बोलतेय. रिक्षा नव्हे. रिक्षाला छप्पर असतं, मागे दोघातिघांना बसायला जागा असते. माझ्यावर एकच माणूस बसतो, तोही घोड्यावर बसल्यासारखा पाय फाकून. पुढे एक चाक, मागे दोन. चाकं मात्र अशी गलेलठ्ठ की बाकीची मी त्यांच्यावर नुसती टेकवून ठेवल्यासारखी दिसते.

आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मी भित्री आहे. गाडीनं कशाला भ्यावं, असं तुम्ही म्हणाल. तीन चाकांवर एक वळण घेऊन दाखवा, मग बोलू.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी लालभडक होते. बोटीतून या बेटावर आले आणि वर्नन पाकेटच्या हाती लागले. वर्नन तेव्हा तरणाबांड, कशालाच न घाबरणारा. आमच्या दोघांच्या वाटची भीती मला एकटीलाच वाहावी लागली.

या बेटाला हिवाळ्यात बोट येत नाही. सरोवर गोठलं की पलीकडच्या किनाऱ्याला जायचं ते बर्फावरूनच. नाताळ संपला की घरोघरची सजवलेली झाडं लोक ओढत धक्क्यावर आणून टाकतात. मग एक जण ती घेऊन निघतो आणि बर्फात भोकं पाडून, हाकेच्या अंतरावर एकेक झाड रोवत थेट पलीकडे जातो. ती झाली वाट. धुकं असो, हिम पडत असो, या झाडावरून त्या झाडावर जायचं. झाड उभं आहे तिथवर बर्फ पक्का, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. कुठल्या झाडाला कुणाच्या घरची चंदेरी झिरमिळी अडकून राहिली आहे, तेही लोक ओळखतात.

ती झाडं रोवायचं काम वर्ननचं. म्हणजे माझंच की. मी हलकी, चाकं रुंद, म्हणून बर्फावर सगळ्यांच्या आधी मला ढकलायचं. बर्फ खालून कडाडायचा. वर्नन शीळ घालायचा, मी थरथरायचे आणि त्याला वाटायचं इंजिन थरथरतंय.

पुढे एका दुपारी धक्क्याच्या उतारावर त्यानं वळण घेतलं आणि तोल जातोय असं वाटून पाय खाली टेकवला. सगळेच टेकवतात. सायकल शिकलेल्या माणसाची खोड ती. पण माझ्यावर बसून पाय टेकवला की मागचं चाक त्याच पायावर चढतं. मी थांबू शकले नाही. गाडीला स्वतःहून थांबता येत नाही, हेच तर माझ्या जन्माचं दुःख आहे. वर्ननचा तो पाय पुन्हा कधी सरळ पडला नाही. त्याच्या बायकोनं, आयरीननं, मला शेडच्या कोपऱ्यात ढकलून ताडपत्री टाकली. माझ्या जातीच्या गाड्यांनी गावोगावी अशीच माणसं जायबंदी केली होती. लवकरच त्या बनवणंही बंद झालं.

खरं सांगू? मला बरं वाटलं. ताडपत्रीखाली अंधार होता, पण खाली जमीन होती. माझ्या हवेच्या डब्यात उंदरांनी संसार थाटला. टाकी गंजली, टायर तडकले, आयरीनही देवाघरी गेली. मी मनात म्हटलं, सुटले बुवा.

यंदाच्या हिवाळ्याच्या तोंडावर ताडपत्री ओढली गेली. समोर वर्ननची मुलगी लोर्ना उभी होती. बापासारखीच रुंद हाडांची, तशीच कशाला न घाबरणारी. 

हल्ली सरोवर नीट गोठत नाही. वर्नननंतर झाडं रोवणाऱ्या माणसाची बर्फावर चालणारी जडशीळ स्नोमोबाइल गेल्या वर्षी अर्धी पाण्यात गेली आणि त्यानं कानाला खडा लावला. वाट कोण आखणार, यावर सबंध बेट एकमेकांच्या तोंडाकडे बघत होतं. लोर्नाला मी आठवले.

तिनं मला पुरती सोलली. कार्बोरेटरमध्ये जुन्या पेट्रोलचा चिकट डिंक झाला होता, तो सुईनं टोकरून काढला. टाकीत खिळे आणि साबणाचं पाणी घालून खळखळवलं. नवे टायर आले. बर्फावर पकड यावी म्हणून ती तिन्ही टायरांना बारीक स्क्रू ठोकायला निघाली, तेव्हा बादली उपडी घालून बसलेला वर्नन काठी आपटत म्हणाला, "मागच्यांना नको. पुढच्यालाच ठोक."

"का?"

"मागचं घसरलं तर घसरेल तेवढंच. धरून बसलं की गाडी उलटते. आणि पाय..."

"खाली टेकवायचा नाही. माहितीय, डॅड. लहानपणापासून घरात तोच एक मंत्र ऐकलाय."

"ऐकलास ना? मग पाठ कर."

एका दुपारी लोर्ना झाडं गोळा करायला गेलेली असताना म्हातारा एकटाच शेडमध्ये आला. माझ्या टाकीवर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला. मग पान्ह्यानं माझा स्पार्क प्लग काढून खिशात घातला आणि काठी टेकत निघून गेला. मला त्या म्हाताऱ्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं. इतकी वर्षं मी एकटीच भित्री आहे असं मला वाटत होतं.

लोर्ना आली, इंजिन सुरू करायची दोरी ओढली, वाकून पाहिलं आणि ओरडली नाही. दारातूनच हाक मारली, "डॅड, खिशातलं दे."

वर्नन आला, पण त्यानं खिशात हात घातला नाही. "रोवलेलं झाड परत निघत नाही, लोर्ना. घटकाभरात दगडासारखं गोठतं. अर्ध्यात गेल्यावर पुढचा बर्फ फसवा निघाला तर काय करशील? लोक झाड बघून येतात, तुला विचारून येत नाहीत."

"म्हणून कुणी आखूच नये? मग ते झाडांशिवाय जातील. क्लाइड तर उद्याच जाईल."

"क्लाइडला जाऊ दे खड्ड्यात."

"त्याची बायको पलीकडे दवाखान्यात आहे, डॅड."

म्हाताऱ्यानं खिशात हात घातला. मग त्यानं प्लग काढला, शर्टाला पुसला आणि तिच्या हातावर ठेवला. "पहार घेतल्याशिवाय एक पाऊल पुढे टाकू नकोस. मला भीती वाटते गं," असं तो म्हणाला. हे त्याच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं.

आज सकाळी निघालो. मागे घसरगाडीवर झाडं बांधलेली. धक्क्यावर क्लाइड उभा होता. तो पश्चिमेच्या खाडीत राहतो, तिथूनच थेट बर्फावर उतरतो आणि झाडांच्या रांगेला मधेच येऊन मिळतो. मला बघून हसला.

"हे खेळणं कुठून उकरून काढलंस?"

"हसून घे. संध्याकाळी याच्याच मागे येशील."

"येणारच. मेबल तिथं सूप पिऊन पिऊन कंटाळलीय. तिला खिमा भरलेला मीटपाय नेतोय मी. तुझी झाडं दिसली की निघालोच."

"मी फोन केल्याशिवाय निघू नकोस."

"बरं बाई, बरं," क्लाइड म्हणाला, पण त्याचं लक्ष पलीकडच्या किनाऱ्याकडे होतं.

लोर्ना पहार आपटून बघायची, गिरमिटानं भोक पाडायची, झाड रोवून भोवती बर्फाचा ओला चुरा दाबायची, मग पुढे. पहारीचा ठण्ण असा आवाज आला की मी श्वास सोडायचे. निम्मी वाट झाली. वारा वाढला, हिम उडू लागलं. इतक्यात माझ्या घशात काहीतरी अडकलं. कार्बोरेटर गोठला होता. खोकले आणि बंद पडले. लोर्नानं दोरी ओढली, पुन्हा ओढली, मला शिव्या घातल्या आणि पहार घेऊन पायीच पुढे गेली.

ठण्ण. ठण्ण. मग एक बसका आवाज आला. पहार एका दणक्यात आरपार गेली आणि भोकातून काळं पाणी वर आलं. लोर्ना पोटावर आडवी झाली आणि इंच इंच सरकत माझ्यापाशी परत आली. ओठ निळे पडले होते. तिनं शेवटच्या झाडाला मिठी मारून ओढून पाहिलं. ते हललंसुद्धा नाही. आणि ते एक उपटून तरी काय होणार होतं? मागे सबंध रांग उभी होती, फसव्या बर्फाकडे नेणारी. उडत्या हिमात पुढचं झाड दिसलं नाही की माणूस तसाच सरळ पुढे जातो. फोन काढला तर तो थंडीनं मेलेला.

मग तिनं मला धक्के देत शेवटच्या झाडापाशी नेलं आणि वाटेवर आडवी उभी केली. स्वतःचं नारिंगी जाकीट काढून माझ्या हँडलला घट्ट बांधलं.

"इथंच थांब," ती म्हणाली. "कुणाला पुढे जाऊ देऊ नकोस." तिचे दात वाजत होते. मग ती झाडं धरत धरत घराकडे चालू लागली आणि मला दिसेनाशी झाली.

तेव्हापासून मी इथं आहे. दिवस कलला आहे. माझ्या चाकांपासून थोड्याच अंतरावर बर्फ करकरतोय. जाकिटावर हिम साचतंय, त्याचा रंग पांढरा होत चाललाय. लोर्ना पोहोचली असेल का? म्हाताऱ्यानं तिला चुलीपाशी बसवलं असेल का? मला काही कळायला मार्ग नाही.

आत्ता पश्चिमेकडून स्नोमोबाइलचा आवाज येतोय. तो आधी दूर होता, आता झाडांच्या रांगेला येऊन मिळालाय. क्लाइडनं लोर्नाच्या फोनची वाट पाहिलेली नाही. त्यानं झाडं पाहिली आणि तो निघाला. त्याच्या मांडीवर गरम मीटपायचा डबा असेल.

उलटण्याची, बुडण्याची, कुणाचा पाय चिरडण्याची भीती मी जन्मभर बाळगली. त्यातली एकही आता उरलेली नाही. बुडायचंच असेल तर बुडेन. आता भीती एवढीच आहे की मी त्याला दिसलेच नाही तर? क्लाइड, माझ्याकडे भोंगा नाही, दिवा लागत नाही, तोंड तर नाहीच. हळू चालव. समोर बघ. मी इथं आडवी उभी आहे.