किटली आणि बादलीच्या मधली खिडकी

मित्रांनो, खिडकी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे लगेच आभाळ येतं, झाड येतं, रस्ता येतो. माझ्या वाट्याला यातलं काहीच आलं नाही. मी एक जुनी खिडकी आहे खरी, पण माझ्या एका अंगाला स्वयंपाकघर आणि दुसऱ्या अंगाला न्हाणीघर. हसा, खुशाल हसा. सगळेच हसतात. मला सवय आहे.

बाल्काश या सरोवरकाठच्या गावात तांब्याच्या कारखान्यामागे पाच मजली घरांच्या रांगा आहेत. त्या बांधल्या तेव्हा प्रत्येक घरात माझी एकेक बहीण बसवली गेली, पार वर, छताच्या जरा खाली. ट्रकमधून आणताना दोन इमारतींच्या फटीतून मला सरोवर दिसलं होतं. असं निळं, की माझी काच थरथरली. मला वाटलं, आता जन्मभर हेच बघायचंय. मग गवंड्यांनी मला उचललं, आत नेलं आणि इकडे चूल, तिकडे टब अशा जागी घट्ट बसवून टाकलं. संपलं माझं सरोवर.

मला तिथे का बसवलं, हे कुणालाच धड माहीत नव्हतं. शेजारच्या फ्रीदामावशी म्हणायच्या की न्हाणीघरात उजेड गेला की रोगजंतू मरतात. घरचा कर्ता केनेस म्हणायचा, सरकारला एक दिवा वाचवायचा असेल. त्याचा मुलगा तोक्तार तर सरळ म्हणायचा, नकाशा काढणारा प्यालेला होता. आणि मला विचाराल तर मलाही माहीत नव्हतं. आपण कशासाठी आहोत हेच ठाऊक नसताना रोज नुसतं पुसून घ्यायचं, कसं वाटत असेल, सांगा बरं.

त्यात माझं तावदान कधी धड बंद व्हायचं नाही, मग तक्रारी तरी किती! घोड्याचं मांस शिजायला लागलं की आंघोळ करणाऱ्याच्या ओल्या केसांना वास. कुणी गरम पाणी सोडलं की वाफ इकडे, आणि लाटलेल्या पोळ्या एकमेकींना चिकटलेल्या. पाहुणे चहाला बसलेले असताना आत कुणी गेलं, की बाहेरचे सगळे एकदम मोठमोठ्याने हवापाण्यावर बोलायला लागायचे. तोक्तार शाळेत होता तेव्हा त्याचे मित्र स्टुलावर चढून माझ्यातून डोकवायचे आणि तो बिचारा अंगभर साबणात ओरडत बसायचा. माझ्यावरचा त्याचा राग तेव्हापासूनचा. तसं त्या स्वयंपाकघरात त्याला काहीच आवडायचं नाही. दार फ्रिजला आपटतं, मोरीत कढई मावत नाही, बाहेरच्या खिडकीखालच्या थंड कपाटात लोण्याचा दगड होतो. पण सगळ्यांत आधी नाव माझं.

तरी माझेही बरे दिवस होते. वीज सारखी जायची त्या वर्षांत न्हाणीघराला दिवसा उजेड मिळायचा तो माझ्यातून. आणि केनेस! चारचौघांत तो बायकोशी अवाक्षर बोलायचा नाही. पण कारखान्यातून येऊन टबात बसला की माझ्यातून हाक मारायचा, "अगं, आहेस का तिकडे?"

त्याची बायको उल्बोसिन चुलीपाशीच असायची. "नाही, बाजारात गेलेय," ती म्हणायची.

मग तो हसायचा आणि दिवसभराचं सगळं सांगत बसायचा. पुढे तो वारला. माझ्यातून फक्त वाफ जायची उरली.

मग एका शरदात बाल्झान या घरात सून होऊन आली. लाजाळू, लांब वेणीची, हातात काही ना काही काम असलेली. तिने किटलीपाशी बसायचं, पाहुण्यांच्या पेल्यात चहा थोडा थोडा ओतत राहायचं. थोडाच, कारण पेला काठोकाठ भरला तर त्याचा अर्थ होतो, प्या आणि निघा. थोरांची नावं घ्यायची नाहीत, सासूला नुसतं 'अपा' म्हणायचं. आणि माहेरी जायचं ते सासरची माणसं मानाने, भेटी घेऊन नेतील तेव्हाच. तोवर माहेरचा उंबरठा नाही.

तिची आई सरोवराच्या पार दुसऱ्या टोकाला, एका खेड्यात होती. बस चालवणारा ओराझ तिची पिशवी आणून द्यायचा. पिशवीत कुरुत, म्हणजे खारट दह्याचे वाळवलेले गोळे. ते मुठीत दाबून करतात, म्हणून प्रत्येक गोळ्यावर करणारीच्या बोटांच्या खुणा उमटतात. बाल्झान खाण्याआधी आपली बोटं त्या खुणांत ठेवून बघायची. अगदी बरोबर बसायची. मग खायची.

एकदा ती न्हाणीघरात गेली, नळ सोडला आणि नळाच्या आवाजाखाली रडायला लागली. तिला वाटलं, कुणाला ऐकू जात नसेल. पण मी होते ना! इकडे उल्बोसिन कांदा चिरत होती. तिची सुरी थांबली. सुनेला जवळ कसं घ्यायचं हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. तिला स्वतःलाही कुणी घेतलं नव्हतं. तिने किटली उचलली आणि किटलीलाच म्हणाली, "काय गं, आठवतं का तुला? मी या घरात आले तेव्हा पहिल्याच ईदेला मांस करपवलं होतं. अख्ख्या जिन्यात धूर. सासूबाई म्हणाल्या, सून आणली की आगगाडी?"

पलीकडे नळ बंद झाला. मग बाल्झानचा आवाज आला, अगदी बारीक. ती बादलीशी बोलत होती. "ऐकलंस का, बादलीबाई? माझ्या तर आज शेवयांचा लगदा झाला. सगळ्यांनी मुकाट खाल्ला."

"मुकाट कसला," उल्बोसिनने किटलीला सांगितलं. "तोक्तारने पुन्हा वाढून घेतला. त्याला लहानपणापासून चव म्हणून नाही."

बादलीच्या बाजूने हसू ऐकू आलं. खरं सांगते, मी इतकी वर्षं त्या भिंतीत होते, पण त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की मला उगीच नाही बसवलेलं.

तो सगळा हिवाळा असाच गेला. समोरासमोर दोघी आपल्या जुन्याच. "मीठ दे." "हो, अपा." बस, एवढंच. पण एकीने किटली हातात घेतली आणि दुसरी बादली घासायला आत गेली, की माझ्यातून गोष्टी वाहायला लागायच्या. सासऱ्यांचं खोटं खोटं रागावणं, फ्रीदामावशींचं मांजर, माहेरच्या अंगणातला उंट कसा वाळत घातलेले मोजे खायचा, सगळं. तोक्तारला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याला वाटायचं, आपल्या घरातल्या बायका फारच कमी बोलतात.

थंडी ओसरायला लागली आणि कुरुताची नवी पिशवी आली. त्या दिवशी बाल्झान आत गेली आणि म्हणाली, "बादलीबाई, या खेपेला आईच्या बोटांच्या खुणा उथळ आल्यात. तिच्या मुठीत जोर राहिला नाही. ओराझदादा म्हणतो, बरी आहे. पण मला दिसतंय ना."

उल्बोसिनने किटली छातीशी धरली. "नौरुझचा सण होऊ दे," ती म्हणाली. "रस्त्यावरचं बर्फ जाऊ दे. मी स्वतः तिला माहेरी नेईन. रिकाम्या हातांनी नाही, शाल, कापड, सगळं घेऊन. तू साक्षीला आहेस हं, किटले."

आणि इथेच माझं वाईट नशीब आडवं आलं. नौरुझला, म्हणजे वसंतातल्या नववर्षाला, पाहुणे येणार, म्हणून तोक्तारने घर दुरुस्तीला काढलं. आई आणि बायको खूश व्हाव्यात म्हणून बिचाऱ्याने कारखान्यातून रजा घेतली होती. चहाच्या वेळी तो माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "आधी ही बया जाणार. भिंत बंद करतो, वर पांढऱ्या टाइल्स लावतो. तुमची काही हरकत नाही ना?"

मित्रांनो, मी दोघींकडे बघत होते. एकीने नुसतं 'राहू दे' म्हटलं असतं तरी मी वाचले असते. पण 'राहू दे' म्हटलं की 'का' हे सांगावं लागलं असतं, आणि ते सांगायचं म्हणजे आपण एकमेकींशी बोलतो हे कबूल करायचं. उल्बोसिनने सुनेकडे पाहिलं, ती बोलेल म्हणून. बाल्झानने सासूकडे पाहिलं, त्या बोलतील म्हणून. मग बाल्झानने तोक्तारचा पेला घेतला आणि काठोकाठ भरला.

"अगं, मला घराबाहेर काढतेस की काय?" तो हसला. त्याला वाटलं, दमली असेल. एवढाच काय तो माझ्या बाजूने झालेला विरोध.

दोघी फ्रीदामावशींकडे रोट्या भाजायला गेल्या होत्या तेव्हा त्याने मला उचकटलं. भोकात एक जुनं लोकरी जाजम दाबून दाबून कोंबलं, दोन्हीकडून विटा, वर टाइल्स. मला स्वयंपाकघराला लागून असलेल्या बाल्कनीत नेऊन टेकवलं.

आणि मला सरोवर दिसलं. तेच, निळं, बर्फ फुटायला लागलेलं. ज्याच्यासाठी मी जन्मभर झुरले ते समोर पसरलेलं होतं, आणि मला ते बघवेना. मी तोंड फिरवून बाल्कनीच्या दाराच्या बंद काचेतून स्वयंपाकघराकडे बघत राहिले. आता दिसायचं सगळं, ऐकू मात्र काही यायचं नाही.

नौरुझला पाहुणे आले. टाइल्सवरून हात फिरवून गेले, तोक्तारच्या पाठीवर थापा मारून गेले. सण झाला. रस्त्यावरचं बर्फ गेलं. मग ओराझ पिशवी घेऊन आला.

बाल्झानने एक गोळा काढला आणि त्याच्या खुणांत बोटं ठेवली. बसेनात. खुणा कुणा दुसऱ्याच्या होत्या, जाड बोटांच्या. तिने दुसरा घेतला, तिसरा घेतला. पिशवी तशीच ठेवून ती न्हाणीघरात गेली. उल्बोसिन टाइल्सच्या भिंतीपाशी आली. तिच्या हातात किटली होती आणि तिचे ओठ हलत होते. मग तिने कपाटातून एक गाठोडं काढून स्टुलावर ठेवलं. वरून शालीची झालर लोंबत होती. ती वाट बघत उभी राहिली. बाल्झान बाहेर आली, तोंड ओलं, डोळे लाल. तिने गाठोड्याकडे पाहिलंही नाही. खाली मान घालून कणीक मळायला घेतली. उल्बोसिनने गाठोडं उचललं आणि परत कपाटात ठेवून दिलं.

मला काही कळेना. मी काचेच्या अलीकडून नुसती बघत होते.

त्यानंतर ओराझ आला तेव्हा त्याच्या हातात पिशवी नव्हती. तो टोपी काढून दारात उभा राहिला. बाल्झानने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. ती त्याच्या रिकाम्या हातांकडे बघत राहिली. मग तिथेच खाली बसली.

ती माहेरी गेली ती अशी. शालींशिवाय, मानाशिवाय, आईला पुरल्यावर.

परत आली तेव्हा उन्हाळा लागला होता. ती बाल्कनीत येऊन माझ्या शेजारी बसली. थोड्या वेळाने उल्बोसिनही आली. तिला कुठे बसावं कळेना. शेवटी जमिनीवरच बसली. बाल्झानने रुमालाची गाठ सोडली. आत कुरुत होते, जुने, कडक, खोल खुणांचे. आईने गेल्या उन्हाळ्यात, लग्न ठरलं तेव्हाच, करून पेटीत ठेवले होते, लेक पहिल्यांदा माहेरी येईल तेव्हा पानात वाढायला. बाल्झानने एक गोळा सासूच्या हातावर ठेवला. उल्बोसिनला तो तोंडात घालवेना.

"मी सांगितलं होतं, पोरी," ती म्हणाली. "तू आत होतीस तेव्हा. परवाच्या बसने निघू, बॅग भर, म्हटलं. गाठोडंसुद्धा काढलं होतं. तू आलीस आणि कणीक मळायला लागलीस. मला वाटलं, तुला माझ्याबरोबर जायचं नाही."

"कुणाला सांगितलंत, अपा?"

"किटलीला."

बाल्झान रुमालाची गाठ पुन्हा बांधायला लागली. "मी बादलीला सांगितलं, की खुणा आता दुसऱ्या कुणाच्या आहेत. आई आता उठतही नसेल. मला वाटलं, तुम्ही ऐकलंत आणि गप्प बसलात."

"या घरात शेजारची शिंकसुद्धा ऐकू येते गं," उल्बोसिन म्हणाली. "मला वाटलं, एवढ्याशा भिंतीने काय होतंय."

तोक्तार दारात उभा होता. कधी आला होता कोण जाणे. त्याने सगळं ऐकलं होतं. "आत मी जाजम कोंबलं होतं," तो म्हणाला. "वाफ येऊ नये म्हणून." मग हातोडा आणायला वळला. "आत्ता फोडतो भिंत. आत्ता बसवतो हिला."

"नको," बाल्झान म्हणाली. "आता त्यातून काय ऐकायचं राहिलंय?"

मित्रांनो, तेव्हापासून मी इथेच आहे. माझा रंग उडालाय, एक कोपरा कुजलाय, काचेला तडा गेलाय. मला परत बसवा, असं मी म्हणत नाही. तुमच्या घरातही एखादी विचित्र गोष्ट असेल, तुम्हाला ती अजिबात आवडत नसेल. काढायची तर काढा. पण काढण्याआधी एकदा घरातल्या प्रत्येकाला बाजूला घेऊन विचारा, आणि चारचौघांत चहा पिताना विचारू नका. आणि तुम्ही स्वतः जर कुणाशी खिडकीतून, भिंतीतून, भांड्याकुंड्यांतून बोलत असाल, तर तुमच्या पाया पडते, समोर जाऊन बोला. मी लाकूड आणि काच आहे. मी किती दिवस पुरणार?

उल्बोसिनच्या हातावरचा तो गोळा तिने खाल्ला नाही. माझ्या चौकटीवर ठेवलाय, अजून आहे. बाल्झान कपडे वाळत घालायला येते तेव्हा ओल्या हाताने त्या खुणांत बोटं ठेवते आणि जाते. काचेतून मला आतलं दिसतं. हल्ली उल्बोसिनला सुनेशी काही बोलायचं असलं की ती आधी किटली खाली ठेवते.