पाचवी ड, हजेरी क्रमांक एक

मी पाचवीत आहे. वय वर्षं बावन्न. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढे मला मध्ये मध्ये राग येणार आहे, आणि मी चिडलेली असताना कुणी दात काढलेले मला चालत नाहीत.

तशी मी शाळेच्या फाटकावर असते. एकोणीस वर्षं झाली. नऊशे पोरं रोज माझ्यासमोरून आत जातात आणि माझ्यासमोरून बाहेर येतात. कोण रडून आलंय, कोण डबा विसरलंय, कुणाच्या दप्तरात बेडूक आहे, हे मला तोंडाकडे बघून कळतं. शाळेत सगळे मला मावशी म्हणतात. माझं कागदावरचं नाव बेबी आहे. मी जन्मले तेव्हा घरच्यांना नाव सुचेना म्हणून तेवढ्यापुरतं बेबी लिहिलं, आणि नंतर बदलायचं राहूनच गेलं. हे शाळेत फक्त क्लार्कला ठाऊक.

या वर्षी नव्या मोठ्या बाई आल्या आणि त्यांच्या पाठोपाठ कार्डं आली. प्रत्येक पोराच्या गळ्यात एक. फाटकाजवळ खांब बसवला. त्याच्यासमोर कार्ड नुसतं धरायचं, खांब 'टूं' करतो आणि घरच्यांच्या मोबाईलवर मेसेज जातो, 'आपला पाल्य शाळेत सुरक्षित पोचला.' संध्याकाळी तसंच, 'बाहेर पडला.' सव्वासहापर्यंत कुणाचं बाहेर पडणं नोंदलं गेलं नाही, तर घरच्यांना आणि मोठ्या बाईंना एकदमच मेसेज, 'ताबडतोब संपर्क साधा.'

"मग मी काय करू? खांबाला पाणी घालू?" मी विचारलं.

"मावशी, तुम्हालाही कार्ड मिळणार आहे," मोठ्या बाई म्हणाल्या, जणू काही मला सोन्याचं कडंच चढवत होत्या.

क्लार्कनं मला कॉम्प्युटरसमोर बसवलं. त्या कॉम्प्युटरला माणसांच्या दोनच जाती माहीत होत्या, शिक्षक आणि विद्यार्थी. शिक्षक म्हटलं की तो विषय विचारायचा.

"फाटक लिहा," मी म्हटलं.

फाटक त्याला चालेना. तेव्हा क्लार्कनं शक्कल लढवली. आमच्याकडे पाचवीच्या तीनच तुकड्या, अ, ब, क. त्यानं चौथी उघडली आणि तिच्यात मला एकटीला घातलं. पाचवी ड, हजेरी क्रमांक एक. पालकाच्या रकान्यात माझ्या फायलीतला अडीअडचणीचा नंबर टाकला आणि मोकळा झाला. तो नंबर ताईचा होता, आणि तिथेच घोडं पेंड खायला लागलं.

ताई माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी आठ वर्षांची होते. ताईनं शिवणकाम करून मला वाढवलं, स्वतःचं लग्नबिग्न सगळं बाजूला ठेवून. माझ्यावर जीव टाकते, यात शंका नाही. पण त्या जिवाखाली माणूस गुदमरतो. लहानपणी मला दम लागायचा. तेव्हापासून 'बेबीची छाती नाजूक' हे आमच्या घरातलं ब्रह्मवाक्य. सायकल नको, सहल नको, दोरीच्या उड्या नकोत. मी हट्ट केला की ताई ओरडत नाही. भिंतीकडे तोंड करून पडते आणि जेवत नाही. याच्यापुढे कुणाचं काय चालणार? आजवर माझं तरी चाललं नव्हतं.

म्हणून मी खोटं बोलायला शिकले. माझी ड्यूटी साडेचारला संपते, मग संध्याकाळचा वॉचमन येतो. घरी मी सांगितलं होतं की ड्यूटी सहापर्यंत असते. मधल्या वेळात मी शाळेमागच्या जलतरण तलावावर पोहायला शिकत होते. बायकांच्या वर्गात सगळ्यात म्हातारी मीच, आणि सगळ्यात जास्त पाणी मीच प्यायले, पण सात महिन्यांत मला तरंगता आलं, मग हात मारता आले. आता फक्त खोल पाण्याची परीक्षा राहिली होती. इकडच्या काठावरून तिकडच्या काठावर, मध्ये कुठेही न धरता. आयुष्यात मला एवढी कशाची आस लागली नव्हती. ताईला कळलं असतं, तर ती भिंतीकडे वळली असती आणि सगळं तिथेच बुडालं असतं.

कार्ड मिळालं त्याच दिवशी मी घरात पाऊल टाकलं तर ताई मोबाईल हातात घेऊन उभी.

"चार बत्तीसला बाहेर पडलीस म्हणतोय हा."

"यंत्र नवीन आहे, त्याला अजून घड्याळ कळत नाही," मी म्हटलं आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात पळाले.

दुसऱ्या दिवशी मी जिराफला गाठलं. जिराफ म्हणजे नववीतली पोरगी, व्हॉलीबॉलच्या टीमची कॅप्टन, फाटकातून येताना वाकते असं वाटावं इतकी उंच. सकाळी तिला रोज सात मिनिटं उशीर आणि संध्याकाळी सहापर्यंत सराव. आमचा सौदा दोन वाक्यांत ठरला. सकाळी वेळेवर तिचं कार्ड मी खांबाला दाखवायचं, सहाला माझं तिनं. मग दोन्ही कार्डं तिनं तक्रारपेटीत टाकायची. पेटीची किल्ली माझ्याकडे, आणि त्या पेटीत कधी कुणी तक्रार टाकलेली मी पाहिली नाही.

कुंपणानंच शेत खाल्लं म्हणा हवं तर. पण पोरगी कोपऱ्यावरून पळत येताना मला माझ्या डोळ्यांनी दिसायची, खांबाला दिसायची नाही, अशी मी मनाची समजूत घातली होती. तीन आठवडे सगळं बिनबोभाट चाललं.

मग तो गुरुवार. शनिवारी परीक्षा, म्हणून शिकवणाऱ्या बाईंनी आम्हाला उशिरापर्यंत पाण्यात ठेवलं. सात वाजायला आले होते. ओली वेणी पिळत मी शाळेवरून घरी निघाले, तर शाळेतला एकूणएक दिवा चालू. पी.टी.चे सर गच्चीवर पाण्याच्या टाकीत डोकावत होते. वॉचमन पळत आला आणि त्यानं माझ्या हातात बॅटरी कोंबली.

"बरं झालं आलात मावशी. पाचवीतली एक पोरगी आत अडकलीय. बेबी नावाची. दम्याची आहे बिचारी. तिच्या घरून कुणीतरी आलंय, रडतंय नुसतं."

काय झालं असेल ते मला तिथल्या तिथे कळलं, आणि नंतर जिराफनंही तेच सांगितलं. घाईत तिनं दोन्ही कार्डं एकावर एक धरली होती. तशी धरली की खांब एकच वाचतो. एकदा 'टूं' झालं, बाईसाहेब पेटीत कार्डं टाकून पसार. खांबाच्या हिशेबी मी अजून शाळेतच होते.

तिथेच सांगून टाकायला हवं होतं. पण शनिवार डोळ्यांपुढे दिसत होता. मी बॅटरी घेतली आणि स्वतःला शोधायला निघाले. मुलींची स्वच्छतागृहं बघितली. प्रयोगशाळेत सांगाड्याच्या मागे बघितलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, इथे तर कळसाच बॅटरी घेऊन फिरत होता. मोठ्या बाई जिन्यात भेटल्या, घामाघूम.

"तुम्ही तर सगळ्या मुलांना ओळखता. कशी दिसते ही?"

"गहूवर्णी आहे," मी म्हटलं. "जरा जाडसर."

पाचवी क च्या वर्गातून आवाज येत होता. मी दारात गेले. ताई जमिनीवर गुडघे टेकून बेंचांखाली बघत होती. तिचे गुडघे असे आहेत की घरात पलंगाखाली गेलेली सुईसुद्धा मी काढून देते. घरातल्या चपला, एका हातात मोबाईल, आणि प्रत्येक बेंचाखाली बघून म्हणत होती, "बेबी, मी आलेय गं."

मला माझी शरम वाटली.

"ताई, ऊठ. मी इथं आहे."

उठताना तिचं डोकं बेंचाला आपटलं. तिनं माझ्याकडे बघितलं. ओले केस, हातातली पिशवी, अंगाला तलावातल्या औषधाचा वास.

"कुठे होतीस?"

जिभेवर चार थापा तयार होत्या. एकही सुटेना.

"पोहायला. सात महिने झाले. शनिवारी खोल पाण्याची परीक्षा आहे आणि मी ती देणार आहे. आता पड भिंतीकडे तोंड करून."

ती पडली नाही. बेंचाला धरून तशीच बसून राहिली.

"दम लागला कधी?"

"एकदाही नाही."

"नाहीच लागायचा," ती म्हणाली. "तू दहा वर्षांची होतीस तेव्हाच डॉक्टर म्हणाले होते, पोरगी बरी झाली, आता खेळू द्या. मी तुला सांगितलं नाही."

"का?"

"मी दिवसभर मशीनवर बसलेली. तू पळायला लागलीस तर बघणार कोण? घरात बसलीस की दिसायचीस. पुढच्या वर्षी सांगू, पुढच्या वर्षी सांगू, असं करत राहिले. मग सांगायची लाज वाटायला लागली."

बेचाळीस वर्षं. मी एवढी चिडले की तिला परत बेंचाखाली ढकलावंसं वाटलं. सायकली, सहली, सगळं डोळ्यांपुढून गेलं. पण तिला एकटीला उठता येत नव्हतं, म्हणून आधी तिला काखेत हात घालून उभं केलं. भांडायला आख्खं घर होतं.

तेवढ्यात मोठ्या बाई, पी.टी.चे सर आणि वॉचमन धापा टाकत आले.

"सापडली?"

"सापडली," ताई म्हणाली.

"कुठाय?"

"ही काय."

पी.टी.च्या सरांना हसू फुटायला लागलं, तेव्हा मी त्यांच्याकडे असं बघितलं की ते गच्चीचं कुलूप लावायला गेले. मोठ्या बाईंचा पारा मात्र चढला.

"तुमचं कार्ड कुठे आहे?"

"तक्रारपेटीत."

"तिथे कुणी टाकलं?"

"असेल कुणाची तरी तक्रार," मी म्हटलं. जिराफचं नाव मी घेतलं नाही.

मला मेमो मिळाला, तो मिळायलाच हवा होता. पण बाई नियमाच्या पक्क्या. पाल्य उशिरा सापडला की पालकानं कारण लेखी द्यायचं, असा त्यांचाच नियम, आणि कॉम्प्युटरमध्ये पालक ताई होती. ताईनं चष्मा लावला आणि ऑफिसात बसून लिहिलं. सही करून कागद बाईंपुढे सरकवला. मी खांद्यावरून वाचला.

'माझी पाल्य बेबी ही माझ्या परवानगीने रोज पोहायला जाते. तिची तब्येत उत्तम आहे. तिला यायला उशीर झाला तर शोधू नये.'

घरी जाताना मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही. शुक्रवारीही नाही. भांडायचं ठरवलं होतं, पण तोंड उघडलं तर रडू येईल अशी धास्ती वाटत होती.

शनिवारी मी निघाले तर ती चपला घालून दारात उभी. माझ्या मागोमाग तीही निघाली. तलावावर ती काठाच्या बाकावर बसली, दोन्ही हातांनी बाक घट्ट धरून. शिट्टी झाली. मी उडी घेतली, हात मारत सुटले, मध्ये एकदा नाकात पाणी गेलं, पण काठ धरला नाही. पलीकडे पोचल्यावर मागे वळून बघितलं तर ताईचे डोळे गच्च मिटलेले होते. शेजारच्या बाईंनी मग मला सांगितलं की मी पाण्यात पडल्यापासून तिनं ते उघडलेच नव्हते. पण ती बाकावरून उठली नव्हती, आणि तिनं मला हाकही मारली नव्हती.