रांगेतली तिसरी जागा

चटयांच्या विणकामघराच्या पायरीशी तेलेसिया थांबली. उजव्या गुडघ्याला पट्ट्यांचा आधार, हातात काठी. आत बायकांच्या रांगेत तिसरी जागा रिकामी होती. आधी ती आईची, मग चाळीस वर्षं तिची. आता मांडीच घालता येत नाही म्हटल्यावर ती दुसरीला जाणार, हे तिने मनाशी धरलं होतं.

लहानपणी सकाळची प्रार्थना झाली की आई तिला इथे आणायची. केवड्याच्या पानांच्या दोऱ्यासारख्या बारीक पट्ट्या, बायकांचं हलक्या आवाजातलं स्तोत्र, आणि डोकं ठेवायला आईची मांडी. मोठी झाल्यावर पाय लांब केला की आई पानाची पट्टी तळव्यावर हळूच मारायची. माणसांपुढे तळवा करायचा नाही. अगदीच दुखला पाय, तर वर चटई ओढायची.

त्याच वळणाने घात केला. ऑकलंडला लेकीकडे राहून तिने गुडघा बदलून घेतला. मांडी घालायची नाही, खुर्चीवरच बसायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गावी परतल्यावर एका रविवारी चर्चचे पाळक जेवायला आले. ते जमिनीवर बसलेले असताना त्यांच्याहून उंच बसणं तिच्या जिवावर आलं. खाली बसून लांब केलेल्या पायावर चटई घेतली, तरी लाज जाईना. तिने हळूच मांडी घातली. आत काहीतरी सरकलं आणि नवा सांधा जागचा निसटला. बोटीने आपियाच्या इस्पितळात नेलं. तिथे भूल देऊन तो बसवला, पण सैल राहिलाय म्हणाले. पुन्हा निसटला तर पुन्हा शस्त्रक्रिया.

रांगेच्या तोंडाशी फुआतिनो बसल्या होत्या, तिच्या नवऱ्याच्या आत्या. पंच्याऐंशी वर्षांच्या, पण नजर सुईसारखी.

"दारात किती वेळ उभी राहणार आहेस? ये आत."

"आत्याबाई, मला मांडी घालता येत नाही. माझी जागा लेओताला द्या."

"लेओताला? ती पट्टी ओढते की डुकराचं दावं?"

रांगेत बसलेली लेओताच आधी हसली. आत्याबाई हसल्या नाहीत. त्यांनी सांगितलं, की तेलेसिया ऑकलंडच्या कारखान्यात होती तेव्हा शेवटची दोन वर्षं तिच्या आईने चटईखाली पाय पसरूनच विणलं होतं. लेकीला कळवू नका, काम सोडून धावत येईल, अशी सगळ्यांना शपथ घातली होती.

"इथेच बसायची," त्या म्हणाल्या. "देवाला मांडी लागत नाही, बाई. आम्हालाही नाही."

तेलेसियाने काठी खांबाला टेकवली. लेओताने हात दिला, दुसरीने पायावर चटई घातली, आणि सगळी रांग वीतभर सरकली. पाय लांब केल्याने विणकाम हाताला नीट येईना. पहिली ओळ तिरकी गेली. आत्याबाईंनी वाकून पाहिलं आणि ती उसवायला लावली.

तेलेसियाने ती उसवली. तोवर बाकीच्यांचं स्तोत्र दुसऱ्या कडव्यावर पोहोचलं होतं. तिने तिथूनच सूर धरला.