एक पाटा मद्रासचा, एक मैनाबाईचा

मोटारींच्या त्या रॅलीत बाबनरावांचा फायदा तीन ठिकाणी होता आणि तोटा कुठंच नव्हता. पहिला फायदा म्हणजे मद्रासच्या नामांकित कंपनीची अख्ख्या नागपूर जिल्ह्याची एजन्सी. दुसरा, कामठी रोडवरच्या त्यांच्या कारखान्यातली भट्टी विझून तिथं काचेची कपाटं, फिरता पंखा आणि शेठ म्हणून बसता येईल अशी खुर्ची. तिसरा त्यांनी बोलून दाखवला नाही, पण तोच सगळ्यांत मोठा होता. मैनावहिनीपेक्षा लोखंडातलं आपल्याला जास्त कळतं, हे एकदा चारचौघांत ठरणार होतं.

कारखाना पाट्यांचा. गाडीच्या मागच्या चाकांवर पोलादी पट्ट्या एकीवर एक बांधून केलेली कमान असते, तिला आमच्याकडे पाटा म्हणतात. बाबनरावांचे थोरले भाऊ गोविंदा यांनी हा कारखाना घातला. ते गेले तेव्हा सगळ्यांना वाटलं भट्टीही गेली. पण मैनाबाईनं बारा वर्षं नवऱ्याशेजारी भाता ओढला होता. ती उमरेडच्या विणकरांच्या घरची. माहेरी ती सुताचा ताण बोटानं ओळखायला शिकली, सासरी तापलेल्या पोलादाचा रंग डोळ्यानं. कन्हानच्या खाणीतल्या ट्रकांचे मोडके पाटे ती वजनावर घ्यायची, चांगल्या पट्ट्या निवडायची, तापवून वाकवायची आणि तेलात बुडवून त्यांना पाणी द्यायची, म्हणजे कडक करायची. जागेचा कागद मात्र बाबनरावांच्या नावावर होता. म्हणजे हात एकीचे आणि सही दुसऱ्याची. असे कारखाने फार दिवस चालत नाहीत, किंवा मग फारच दिवस चालतात.

आता भैय्याजी. ते काटोलच्या बाजारात संत्र्याची खरेदी करायचे आणि मी त्यांचा मुनीम. ब्याऐंशीच्या जानेवारीत आंबिया बहार उरकला होता, मृगाचा यायचा होता, आणि रिकामा व्यापारी काय करील याचा नेम नसतो. भैय्याजींनी आपली फियाट मोटर क्लबच्या रॅलीत घातली. कार्बोरेटर मुंबईहून आणला, सायलेन्सर कामठीत कापून घेतला. गाडीचं बूड खाली गेलं आणि आवाज वर. उरले मागचे पाटे. जुने बसले होते, त्यांच्या जागी चांगले हवे होते, आणि इथंच दीर-भावजयीचं जुंपलं.

बाबनराव म्हणाले, मद्रासचे घाला, खोक्यात येतात, वर छापील हमी असते. मैनाबाई म्हणाली, छापणाऱ्यानं तुमची गाडी पाहिली आहे काय? मग पैज लागली, भैय्याजींच्याच ओट्यावर. रॅलीत कंपनीचा पाटा तुटला तर बाबनरावांनी एजन्सीचं नाव काढायचं नाही. मैनाबाईचा तुटला तर तिनं कुरकूर न करता भट्टी विझवायची. हरून बाबनरावांचं हातचं काही जात नव्हतं, खुर्ची तर अजून आलीच नव्हती. मैनाबाईकडं मात्र भट्टीशिवाय दुसरं काही नव्हतं.

पैज ऐकल्यावर कोणीही शहाणा माणूस एका गाडीला एकाचे आणि दुसऱ्या गाडीला दुसऱ्याचे पाटे लावील. भैय्याजींकडं गाडी एकच होती आणि ओळख दोघांशी.

"घरातलं भांडण आहे. मी काहून एकाची बाजू घेऊ?" ते म्हणाले. "उजवीकडं बाबनरावचा, डावीकडं वहिनीचा. दोघायचंही मन राहते."

मला हा निवाडा तेव्हा फार आवडला. एकाच गाडीत, एकाच रस्त्यावर, डाव्या आणि उजव्या बाजूला दोन खाती मांडल्यासारखं. मुनीमाला याहून काय पाहिजे? मैनाबाईनं मात्र कपाळावर हात मारला. ती पाटे जोडीनंच करायची. एकाच पोलादातून, एकाच दिवशी, एकाच तेलात.

"अन् दुसऱ्याचं काय करू जी?" तिनं विचारलं. "लोणच्यात घालू?"

भैय्याजी हसले आणि एकच पाटा घेऊन आले. मैनाबाईनं आणखी दोनदा निरोप धाडला की जोडी फोडू नका, दोन्ही मद्रासचे लावा वाटल्यास. हा निरोप मीच पोचवला. मला त्यात हार दिसली, निरोपाचा अर्थ कळला नाही.

गाडी तयार झाली तेव्हा डावं अंग दोन बोटं वर आणि उजवं खाली. उभ्या उभ्या मान टाकल्यासारखी दिसायची. भैय्याजी म्हणाले, चालायला लागली की बसेल.

रॅलीत अकरा गाड्या. ही शर्यत नव्हे, असं क्लबवाले दर पाच मिनिटांनी बजावत होते. ठरलेल्या वेगानं ठरलेल्या नाक्यावर ठरलेल्या मिनिटाला पोचायचं. उशिराला दंड, आणि लवकर पोचलं तर दुप्पट दंड. गाडीत हिशेब करणारा लागतो, म्हणून मांडीवर पाटी आणि हातात घड्याळ घेऊन मी डावीकडं बसलो. भैय्याजी उजवीकडं, स्टिअरिंगवर. तिसऱ्याची गरज नव्हती, पण बाबनराव आले. आपल्या मालावर नजर ठेवायला. ते मागच्या सीटवर अगदी उजव्या कोपऱ्यात बसले, बरोबर आपल्या पाट्याच्या डोक्यावर. आता बाबनरावांचं वजन मी कधी केलं नाही, पण संत्र्याची तीन खोकी आणि वर थोडी सुटी, इतकं नक्की भरलं असतं.

कन्हानचा पूल ओलांडेपर्यंत ते खुशीत होते. उजव्या चाकावर खड्डा गेला की म्हणायचे, "पाहा, कळलं काय? लोण्यावानी." डावं चाक आपटलं की म्हणायचे, "हे वहिनीचं." खरं सांगायचं तर त्यांचं बरोबर होतं. मद्रासचा पाटा मऊ चालत होता आणि मैनाबाईचा ताठ. माझी पेन्सिल मात्र पाटीवरून सारखी उजवीकडं घरंगळत होती आणि भैय्याजींना सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग दाबून धरावं लागत होतं.

पारशिवनीच्या नाक्यावर आम्ही मिनिटाला पोचलो. तिथून पुढं जंगलाच्या कडेनं चाळीस किलोमीटरचा कच्चा फेरा मारून परत पारशिवनीलाच यायचं होतं. फेऱ्याच्या शेवटी, पारशिवनी चार किलोमीटरवर असताना, एका नाल्याचा रपटा, म्हणजे बुटका फरशी पूल, लागला. गाडी उतरली, चढली, आणि मागून ठण्ण असा आवाज आला. उजवं चाक मडगार्डला घासायला लागलं.

"दगड लागला," बाबनराव म्हणाले.

आम्ही उतरून पाहिलं. मद्रासच्या पाट्याची सगळ्यांत लांब, मुख्य पट्टी मधोमध तुटली होती. भैय्याजींनी बाभळीचा एक ओंडका शोधला, तो चाकाच्या दांड्यावर ठेवला आणि बाबनरावांच्याच दुपट्ट्यानं करकचून बांधला. चार किलोमीटरला आम्हाला पाऊण तास लागला. दंडाचा हिशेब करणं मी वाटेत सोडून दिलं.

पारशिवनीच्या बसस्टँडसमोर, हॉटेलच्या पायरीवर, मैनाबाई बसली होती. शेजारी पारशिवनीतच राहणारी तिची बहीण रुखमाबाई आणि पायाशी पोत्यात गुंडाळलेलं लांबोडकं काहीतरी. मैनाबाई सकाळच्या एसटीनं आली होती. पाटा तुटणार हे तिला कुठून कळलं, हे विचारायचं कारण नव्हतं. तिनं तर दोनदा सांगून ठेवलं होतं.

पाच मिनिटांत गर्दी झाली. क्लबचे घड्याळवाले, मागच्या गाड्यांचे लोक, जंगल खात्याचे दोन-तीन ड्रायव्हर. सगळ्यांना पैज ठाऊक होती, भैय्याजींनीच ती गावभर केली होती. कोणीतरी म्हणालं, कंपनीचा माल असाच, नुसता रंग. दुसरा म्हणाला, आता बाबनरावले भाता ओढायले बसवा. बाबनराव गाडीतून उतरेनात. काच वर करून, समोर पाहत बसले. एवढा मोठा माणूस एवढ्याशा जागेत मावलेला मी पहिल्यांदा पाहिला.

मैनाबाईनं तुटलेला पाटा काढायला लावला. मोडलेलं तोंड पदरानं पुसलं आणि उन्हात धरून बराच वेळ पाहिलं. पोलाद तुटलं की आत दाणा दिसतो, रवा जाड की बारीक कळावा तसा. वाईट पोलादाचा दाणा जाड निघतो. तिथं जमलेल्यांना तेच ऐकायचं होतं, आणि तिनं एवढं म्हटलं असतं की तिची भट्टी कायमची तिची होती.

"दाणा बारीक आहे," ती म्हणाली. "पोलाद चोख. पाणीही बरोबर बसलं आहे. कंपनीचा दोष नाही."

"मग तुटला काहून?" भैय्याजींनी विचारलं.

"तुमी तोडला जी. माहा पाटा कडक, त्यानं आपलं वझं याच्यावर ढकललं. वरून भाऊजी याच्याच डोक्यावर बसले." लोक हसले. ती हसली नाही. "माहा मऊ असता अन् हा कडक, तर माहा तुटला असता. हे पैजेत धरू नका."

मी हिशेबी माणूस. त्या वाक्यात तिचा फायदा कुठं आहे, हे मी तिथंच उभ्या उभ्या शोधलं. सापडला नाही. जिंकलेली पैज तिनं उचलून परत दिली होती, आणि ज्याला दिली तो अजून काचेआड होता.

मग गाडीचं दार उघडलं. बाबनराव उतरले, सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि जॅकपाशी बसले. पोत्यातला पाटा, म्हणजे जोडीतला उरलेला दुसरा, त्यांनी स्वतः धरला आणि वहिनीनं बोल्ट आवळले. मध्ये तिनं एकदा "डावीकडं घ्या, भाऊजी" म्हटलं आणि त्यांनी घेतलं. त्यांचे हात काळे झालेले दहा वर्षांत कोणी पाहिले नव्हते.

परतीच्या वाटेवर बाबनराव मागच्या सीटच्या मधोमध बसले. गाडी सरळ चालली, पेन्सिल जागेवर राहिली, आणि आम्ही आठवे आलो.

सोमवारी जंगल खात्याच्या दोन जीप आणि रॅलीतली एक अँबेसेडर कारखान्यासमोर उभ्या होत्या. एका ड्रायव्हरनं बाबनरावांना विचारलं, मद्रासचे पाटे कधी येणार? बाबनराव चकित झाले. तुटलेला पाटा त्यानं डोळ्यानं पाहिला होता.

"बाई म्हणाली ना, चोख आहे म्हणून," ड्रायव्हर म्हणाला. "पण माह्या जीपले कोणता लागंन, थे बाईलेच विचारून सांगजा."

बाबनराव हुशार नसले तरी दुकानदार आहेत. छापील हमीनं जे झालं नसतं ते वहिनीच्या एका वाक्यानं झालं होतं. खोक्यातला माल विकायचा तर तो उघडून पाहणारं माणूस दुकानात पाहिजे, आणि ते माणूस भट्टीशिवाय बसणार नाही. त्यांनी सुताराला बोलावून कपाटांचं माप बदललं. आता ती भट्टीच्या अलीकडंच संपतात. एजन्सी मिळाली, खुर्चीही आली. तिच्यावर बहुतेक वेळा मैनाबाईची नोंदवही असते, कोणत्या गाडीला मद्रासचे आणि कोणत्या गाडीला घरचे, ते लिहिलेली. ओझ्याच्या गाड्या भट्टीकडं जातात, हलक्या कपाटाकडं. बाबनराव तिच्या शब्दावर अजून कुरकुरतात, पण गिऱ्हाईक गेल्यावर.

त्या दिवसाचा खर्च मी वेगळा मांडून ठेवला होता. तुटलेल्या पाट्याचे पैसे भैय्याजींनी दिले. कंपनीच्या हमीपत्रात बारीक अक्षरात लिहिलंच होतं की जोडीनंच बसवावेत. मैनाबाईच्या जोडीचेही त्यांनीच दिले, घासाघीस न करता. पारशिवनीच्या हॉटेलातले चौदा चहा क्लबनं भरले. राहिलं मैनाबाईचं एसटीचं भाडं. ते मी घेऊन गेलो तर ती म्हणाली, राहू द्या जी, बहिणीकडं गेली होती मी, तिकीट माहं मीच काढलं. पण कंडक्टरनं पोत्यातल्या पाट्याचंही अर्धं तिकीट फाडलं होतं, आणि ते काही बहिणीकडं गेलं नव्हतं. तिनं ते तिकीट माझ्याकडं न देता दिराकडं दिलं.

बाबनरावांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं, गल्ल्यातून एक रुपया दहा पैसे मोजले आणि तिच्या हातावर ठेवले.