उजव्या डोळ्यावरची पट्टी

लहानपणी माझा डावा डोळा सदानकदा नाकाकडे पाहायचा. आमच्या उमरग्याच्या घरात त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. अशी पोर नशीबवान असते, असं आत्याबाई सांगायच्या, आणि आत्याबाईंनी एकदा सांगितलं की ते बदलायची सोय नव्हती. गल्लीतली पोरं मला चकणी म्हणायची. मी त्यांना दगड मारायचे, पण माझे दगड नेहमी भलत्यालाच लागायचे.

आजोबांना आम्ही अज्जा म्हणायचो. त्यांचं नाव महांतप्पा. बाजारात त्यांचं कापडाचं दुकान होतं. दुकानात गिऱ्हाइकावर आवाज चढवणारे अज्जा माझ्यापुढं मात्र अगदी विरघळायचे. आम्ही लिंगायत, त्यामुळं इष्टलिंग जन्मापासूनच गळ्यात. रोज सकाळी अंघोळ करून आम्ही दोघं शेजारी शेजारी बसायचो. आपापलं लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, कपाळाला विभूती लावायची आणि तासभर लिंगाकडं टक लावून पाहायचं. सहा वर्षांच्या पोरीला इतका वेळ गप्प बसणं कसं जमायचं, असं कुणी विचारलं तर सांगते. अज्जांच्या मांडीला मांडी लागलेली असायची, म्हणून जमायचं.

ते निजामाच्या राज्यातलं चव्वेचाळीस साल. एका सकाळी अज्जा विभूती लावत असताना ती माझ्या उजव्या डोळ्यात गेली. मी डोळा गच्च मिटला.

"अज्जा, लिंग दिसंना."

"हातातच हाय की, शिवकांता."

"काळं कायतरी हाय. धुरात असल्यावाणी."

अज्जांनी पूजा अर्ध्यावर सोडली. त्याआधी त्यांनी ती कधी सोडल्याचं कुणाला आठवत नव्हतं. माझा उजवा डोळा झाकून त्यांनी मला बोटं मोजायला लावली. मी दोनाला तीन म्हटलं आणि त्यांचं तोंड एवढंसं झालं.

सरकारी दवाखान्यात हैदराबादहून बदलून आलेले डॉक्टर होते. बॅटरीच्या उजेडात त्यांनी माझे डोळे बराच वेळ पाहिले.

"डोळ्यात खराबी नाही," ते म्हणाले. "चांगल्या डोळ्यानं सगळं काम केलं, म्हणून हा आळशी झाला. चांगल्यावर पट्टी बांधा. रोज तासभर जवळची बारीक चीज या डोळ्यानं बघायला लावा. पण देर नको. बेटी आठ बरसाची झाली, की मग हा डोळा गेलाच समजा."

घरी माझ्या उजव्या डोळ्यावर फडकं बांधलं गेलं. अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, तुरीची डाळ निवडायला पुढं ठेवली. मी पाच मिनिटांत सूप पालथं केलं. चांगल्या डोळ्याला कैद आणि आळशाला मोकळीक हा कुठला न्याय, असं आत्याबाई ऐकू जाईल इतपत पुटपुटायच्या. अव्वा चुलीकडं वळली की मी पट्टी वर सरकवायचे. मी लबाड होते, कबूल करते. पण एक डोळा बांधून उंबऱ्याला ठेचकाळत फिरून बघा, मग मला नावं ठेवा.

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. काडीचाही फरक नव्हता. ते चिडले.

"ही पोरगी एका जागी बसून एका चीजेकडं कधी बघते तरी का?"

मीच म्हणाले, "पूजेला बघते की."

"तेव्हा पट्टी असते?"

"न्हाय साहेब," अज्जा म्हणाले. "देवापुढं डोळा झाकून बसत न्हाईत. तेवढा वेळ मीच सोडतो."

डॉक्टरांनी अज्जांच्या गळ्यातल्या, लिंग ठेवायच्या चांदीच्या डबीकडं पाहिलं. "ही तुमच्या देवाची बात," ते हळू आवाजात म्हणाले. "यात मी नाही बोलणार."

त्या दिवशी अज्जांनी दुकान उघडलं नाही. दिवसभर ओट्यावर बसून राहिले. जेवायला बोलवलं तरी उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पूजेला बसल्यावर मी सवयीनं पट्टी सोडून घ्यायला डोकं त्यांच्याकडं वळवलं. अज्जांनी गाठ सोडली नाही, उलट आवळली. मग कोऱ्या धोतराची एक पट्टी फाडून त्यांनी स्वतःच्या उजव्या डोळ्यावर बांधली.

"तू एका डोळ्यानं, तर मीबी एकाच डोळ्यानं," ते म्हणाले. "देवाला काय म्हणायचं ते दोघांना म्हणंल. बघ आता. सांग, काय दिसतंय?"

"काळं."

"उद्या अजून बघू."

असं रोज चाललं. काही दिवसांनी काळं गोल झालं. दिवाळीनंतर त्यावरचे विभूतीचे पट्टे दिसायला लागले. मग बेलाच्या पानाची शीर दिसली, मग माझ्याच हातावरच्या रेषा. अज्जा मान वर करून ऐकायचे आणि विचारायचे, "अजून? अजून काय?" मला वाटायचं ते माझी परीक्षा घेतायत. मी चिडून जरा जास्तच बारीकसारीक सांगायचे, आणि त्यांचा चेहरा खुलायचा. ते मला इतकं आवडायचं, की पट्टीचा राग मी केव्हा विसरले ते कळलंच नाही.

गुढीपाडव्याच्या सकाळी मी हातावरून नजर काढून त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. उघडा तेवढा त्यांचा डावा डोळा. त्याच्या मधोमध दुधाचा थेंब सांडल्यासारखं पांढरं होतं.

"अज्जा, तुमच्या डोळ्यात पांढरं काय हाय?"

ते दचकले. मग हसले. "मोतीबिंदू हाय. दोन वर्सं झाली. उजव्यावर भागत व्हतं, म्हणून कुणाला सांगितलं न्हाय."

"म्हणजे इतके दिवस तुम्हाला तुमचं लिंग दिसतच नव्हतं?"

"तू सांगत व्हतीस की. तेच बघत व्हतो."

मी त्यांची पट्टी सोडायला हात पुढं केला. अज्जांनी तो धरला आणि परत माझ्या मांडीवर ठेवला.

"तुझा तास भरला न्हाय अजून," ते म्हणाले. "सांग, काय दिसतंय?"