छातीचा फोटो

झुंबरबाईंची तक्रार होती ती सुनेच्या बसण्याची. वंदना दोन बादल्या पाणी आणायची की उंबऱ्यावर टेकलीच. करोना काय तिला एकटीलाच झाला होता? बाकीच्या बाया उठून कामाला लागल्या, हिला मात्र अजून धाप. मलकापुरात काढलेला छातीचा फोटो साफ आला, तेव्हा झुंबरबाईंनी तो ओट्यावर नेला, उन्हात धरला आणि शेजारच्या कौशल्याबाईसकट साऱ्या आळीला दाखवला. बघा, आहे का कुठं डाग? नुसती नाटकं.

मग त्यांनी सुनेला कापसाच्या खोलीत घातलं. कचरा झाडायचा, ढीग तुडवायचा. आत वंदना खोकायची आणि बाहेरून झुंबरबाई म्हणायच्या, खोकून ढीग दबत नसतो.

शेवटी मुलानं, भागवतनं, बायकोला नागपूरला न्यायचं ठरवलं. झुंबरबाईही निघाल्या. आपलंच खरं आहे, हे त्यांना मोठ्या डॉक्टरच्या तोंडून ऐकायचं होतं.

तिथं वंदनाच्या शिरेत साखरेसारखं औषध सोडलं आणि तिला यंत्रात सरकवलं. नंतर डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर चित्र दाखवलं. साध्या फोटोत नुसता आकार कळतो, त्या म्हणाल्या. पण आत सूज असली की ती जागा हे औषध जास्त ओढते आणि उजळते. वंदनाच्या दोन्ही फुप्फुसांचा तळ उजळला होता, राखेखालच्या विस्तवासारखा. गोळ्यांनी सूज आटोक्यात येईल, पण धुळीत काम करता का?

वंदनानं सासूकडे पाहिलंसुद्धा नाही. घरात असते तेवढीच, म्हणाली.

तिनं सासूचं नाव घेतलं असतं तर झुंबरबाई भांडल्या असत्या. आता भांडायला कोणी नव्हतं. त्यांची मान खाली गेली.

"कापसाची धूळ आहे, बाई. मीच कोंडतो तिले त्यात."

परतीच्या गाडीत त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या. गावात उतरल्यावर कौशल्याबाईनं विचारलंच, काय निघालं? झुंबरबाईंनी पिशवीतून रंगीत चित्र काढलं आणि त्याच ओट्यावर, त्याच बायांसमोर धरलं. मग त्यांनी सुनेला हाक मारली. सासूसमोर ओट्यावर बसायची त्या घरात रीत नव्हती; वंदना खालीच उभी राहिली.

"वर ये, बस माह्याजवळ. तू खोटी नव्हती वं, वंदना, माही जीभ खोटी होती. अन् आता पुन्हा त्या कापसाच्या खोलीत दिसली, तं तंगडं तोडीन तुहं."